हसणाऱ्याचं काय जातं?

विनोद, जात आणि आपली भाषा

सप्टेंबर २०२५ मधली गोष्ट. खजुराहोच्या एका मंदिरातली भग्न विष्णुमूर्ती पुन्हा घडवून बसवावी, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयासमोर आली. ती फेटाळताना तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई याचिकाकर्त्याला उद्देशून म्हणाले की, तुम्ही एवढे निस्सीम भक्त आहात, तर आता देवालाच काहीतरी करायला सांगा. न्यायालयांत असे शेरे रोज मारले जातात. वकील हसतात आणि पुढचं प्रकरण पुकारलं जातं. या वेळी तसं झालं नाही. समाजमाध्यमांवर गदारोळ उठला. मी सर्व धर्मांचा आदर करतो, असा खुलासा सरन्यायाधीशांना दोनच दिवसांत भर न्यायालयात करावा लागला. तरीही ६ ऑक्टोबरला एका वकिलाने न्यायदालनातच त्यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. गवई साहेब विचलित झाले नाहीत. कामकाज चालू ठेवा, असं त्यांनी वकिलांना सांगितलं.

बुटाची चर्चा भरपूर झाली. मला त्यानंतरच्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. पुढच्या काही दिवसांत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला एक व्हिडिओ फिरला. त्यात देशाच्या पहिल्या बौद्ध सरन्यायाधीशांचा चेहरा निळ्या रंगाने रंगवला होता आणि गळ्यात मडकं अडकवलं होतं. नवी मुंबईत त्याबद्दल गुन्हा दाखल झाला. पंजाबमध्येही जातीयवादी पोस्टबद्दल अनेक गुन्हे नोंदवले गेले. पण ज्या हजारो लोकांनी तो व्हिडिओ पुढे पाठवला, त्यांच्या लेखी तो ‘मीम’ होता. म्हणजे गंमत.

गळ्यातल्या मडक्याचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आपली थुंकीसुद्धा रस्त्याला विटाळते, अशी ज्या पेशवाईची व्यवस्था होती, तिची आठवण आपल्या घराघरांत आहे. प्रश्न वेगळा आहे. व्हिडिओ बनवणाऱ्यालाही ते मडकं नेमकं आठवलं. ‘आता कुठे राहिली जात?’ म्हणणाऱ्या पिढीतल्या कुणाला तरी विनोद सुचला, तेव्हा पहिली वस्तू हाती आली ती मडकं. पुस्तकातून पुसलेला इतिहास विनोदात मात्र शाबूत असतो.

न्यायासनावरून श्रद्धेबद्दल असा शेरा मारायला नको होता, असं कुणाला प्रामाणिकपणे वाटू शकतं. ते मत मांडता येतं, त्यावर वाद घालता येतो. पण दोन विनोदांची किंमत बघा. एका बौद्ध माणसाने अधिकाराच्या जागेवर बसून केलेल्या हलक्या शेऱ्याची किंमत बूट. आणि त्याच माणसाच्या गळ्यात मडकं बांधणाऱ्यांचं म्हणणं काय, तर ‘एवढं काय मनाला लावून घेता?’

या लेखाचा विषय हाच फरक आहे. विनोद कुणी करायचा, कुणावर करायचा, कुणी हसायचं आणि कुणी गप्प बसायचं, हेसुद्धा जात ठरवते.

‘मीपण हसायचे’

मी वस्त्यांमध्ये आणि वसतिगृहांमध्ये मुलींचे गट घेते. अशाच एका गटात नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. तिच्या वर्गात तिला नावाने कुणी हाक मारत नव्हतं. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात कार्यालयातल्या कारकुनाने शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी भर वर्गात नावं वाचून दाखवली. तेव्हापासून तिचं नाव ‘स्कॉलरशिप’ पडलं. ‘स्कॉलरशिप आली का?’, ‘स्कॉलरशिप, चहा पाज की, पैसे जमा झाले असतील.’ दोन वर्षं हे चाललं. परीक्षेत तिला चांगले गुण पडले तेव्हाही कुणीतरी म्हणालं, ‘त्यांचं पासिंग वेगळं असतं.’ वर्ग हसला.

मी विचारलं, मग तू काय करायचीस? ती म्हणाली, ‘ताई, मीपण हसायचे.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. समाजशास्त्रात एम. ए. करताना अपमान, बहिष्कार, भेदभाव या शब्दांच्या व्याख्या मी पाठ केल्या होत्या. अपमान झालेल्या माणसाला त्या अपमानावर हसून दाखवावं लागतं, हे कुठल्याही व्याख्येत नव्हतं. तिने हसणं नाकारलं असतं तर काय झालं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं. ‘ही लगेच जातीवर घेते’, ‘हिच्यासमोर जपून बोला रे, ॲट्रॉसिटी लावेल.’ म्हणजे तोही एक विनोदच झाला असता. मग खोलीत कुणी बोलायचं बंद झालं असतं, नोट्स मिळायच्या थांबल्या असत्या, रात्रपाळीची जोडीदार मिळाली नसती. हसणं हे तिचं भाडं होतं. त्या वर्गात राहण्याचं भाडं.

आपल्यापैकी किती जणांनी हे भाडं भरलंय? ‘सरकारी जावई’, ‘कोट्यातला डॉक्टर’, ‘तुमचं बरंय बाबा’, ‘जयभीमवाले’. १४ एप्रिल जवळ आला की डीजेवरून मारलेले टोमणे. ६ डिसेंबरला दादरच्या गर्दीवरून येणारे मेसेज. ऑफिसच्या ग्रुपवर असा मेसेज आला की आपण काय करतो? बहुतेक वेळा दोन हसऱ्या चेहऱ्यांच्या इमोजीखाली तो सरकून जाईपर्यंत वाट बघतो.

थट्टेचं नातं आणि थट्टेची सक्ती

‘मग आता विनोदच करायचा नाही का?’ हा प्रश्न लगेच येतो. तो आपणच आधी सोडवलेला बरा.

मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० मध्ये ‘थट्टेच्या नात्यां’वर एक निबंध लिहिला. काही नात्यांमध्ये एकमेकांची टर उडवायला समाजाची परवानगी असते आणि समोरच्याने राग मानायचा नसतो, असं त्यांनी दाखवलं. आपल्याला हे नवीन नाही. दाजी आणि मेहुणी, दीर आणि भावजय यांची थट्टा आपल्या प्रत्येक लग्नघरात चालते. पण त्यांनी पुढे एक महत्त्वाचा फरक केला. काही नात्यांत थट्टा दोन्ही बाजूंनी चालते. काहींत मात्र एकानेच करायची असते आणि दुसऱ्याने ती हसून सोसायची असते, उलट उत्तर द्यायचं नसतं.

जातीचा विनोद हा या दुसऱ्या प्रकारचा असतो. मेहुणी दाजींचे बूट लपवते आणि दाजीही तिला चार गोष्टी ऐकवतात. त्या नर्सिंगच्या वर्गात मात्र ‘स्कॉलरशिप’ला उलटून कुणाला ‘मॅनेजमेंट कोटा’ किंवा ‘डोनेशन’ अशी हाक मारता आली असती का? तिने एकदा तरी तसं म्हणून बघितलं असतं तर वर्ग हसला असता का? ज्या विनोदाला उलट विनोद करता येत नाही, त्याला थट्टा म्हणत नाहीत. तो हुकूम असतो.

म्हणून माझ्यापुरती मी दोन साध्या प्रश्नांची कसोटी ठेवली आहे. या हसण्याची किंमत कोण मोजतंय? आणि ज्याच्यावर हसलं जातंय, त्याला त्याच जागी, त्याच आवाजात उत्तर देता येतंय का? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की विनोद कुठला आणि अपमान कुठला, हे कळायला सामाजिक न्यायाचा शब्दकोश उघडावा लागत नाही.

माफीचा ठरलेला पाढा

गेल्या काही वर्षांतली उदाहरणं झरझर बघू. क्रिकेटपटू युवराज सिंगने २०२० मध्ये इन्स्टाग्रामवर रोहित शर्माशी गप्पा मारताना एका सहकाऱ्याबद्दल जातिवाचक शब्द वापरला, तोही हसत हसत. २०२१ मध्ये अभिनेत्री मुनमुन दत्ताने आपण छान दिसणार आहोत हे सांगताना, ‘अमक्यांसारखं दिसायचं नाही’ म्हणत एका जातीचं नाव घेतलं. त्याच वर्षी रणदीप हुड्डाचा मायावतींवरचा एक जुना अश्लील विनोद बाहेर आला आणि संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतरित वन्यजीवांविषयीच्या कराराच्या सदिच्छादूतपदावरून त्याला काढण्यात आलं.

या तिन्ही प्रसंगांत हेतू अपमानाचा असेल किंवा नसेलही. मला लक्षात घ्यायचंय ते असं की ते शब्द त्यांच्या जिभेवर तयार होते. घरात, शाळेत, मित्रांत ते हजार वेळा वापरून गुळगुळीत झाले होते. कॅमेरा चालू आहे एवढंच ते विसरले. आणि मायावतींवरचा विनोद बघा. चार वेळा मुख्यमंत्री झालेल्या बाईवर टीका करायला राजकारणातले मुद्दे कमी होते का? विनोद मात्र दिसण्यावर झाला. दलित स्त्रीवर हसताना जात आणि बाईपण दोन्ही एकाच दमात वापरलं जातं.

यानंतर काय होतं, तेही आता पाठ झालंय. आधी संताप, मग हॅशटॅग, मग ‘नकळत कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ अशी माफी, मग शांतता. ‘भावना दुखावल्या’ या शब्दांवर माझा आक्षेप आहे. भावना आमच्या नाजूक आहेत म्हणून दुखावल्या, असा त्याचा सूर असतो. प्रश्न भावनांचा नसतो, दर्जाचा असतो. समान नागरिक म्हणून उभं राहण्याच्या जागेचा असतो.

संसदेतही तेच. १७ डिसेंबर २०२४ रोजी केंद्रीय गृहमंत्री राज्यसभेत म्हणाले की आंबेडकरांचं नाव घेणं ही आता फॅशन झाली आहे, इतक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर सात जन्म स्वर्ग मिळाला असता. सत्ताधारी बाकांचं म्हणणं, बोलण्याचा रोख काँग्रेसवर होता. असेलही. पण त्याच आठवड्यात, १५ डिसेंबरला, परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर अटक झालेला आपला सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत गेला होता. ज्या नावासाठी आपली मुलं तुरुंगात जातात, ते नाव कुणाला तरी फॅशन वाटतं. हशा कुठून येतो आणि तो ऐकणारा कुठे उभा असतो, यातलं अंतर त्या आठवड्यात दिसलं.

संस्था आणि कायदा कुठे आहेत

विनोदाने काय होतं, असं विचारणाऱ्यांनी उच्च शिक्षणातल्या दोन मृत्यूंकडे बघावं. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या आदिवासी निवासी डॉक्टरने जीव दिला. तीन वरिष्ठ डॉक्टर तिला जातीवरून सतत टोमणे मारत होत्या, असा आरोप आहे आणि खटला न्यायालयात आहे. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी आयआयटी मुंबईत दर्शन सोळंकी या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. संस्थेच्या अंतर्गत समितीला त्यामागे थेट जातिभेद आढळला नाही. कुटुंबाला तो निष्कर्ष मान्य झाला नाही.

पण त्याच संस्थेने काही महिन्यांतच विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कुणाला जेईईची रँक किंवा गेटचे गुण विचारू नका, कारण त्यातून जात विचारल्यासारखं होतं. आणि जातीयवादी, लिंगभेदी, द्वेषमूलक विनोद पाठवू नका. देशातल्या अग्रगण्य संस्थेला विनोदाबद्दल लेखी सूचना काढावी लागते, याचा अर्थ तिथे काय चालत होतं हे तिला माहीत होतं. ‘रँक किती?’ हा तिथला ‘आडनाव काय?’ आहे. गावात आडनावावरून अंदाज नाही आला तर ‘कुठल्या आळीत राहता?’ विचारतात. तिथे रँक विचारतात.

कायद्याचं काय? कार्यकर्त्यांना हे नीट माहीत असायला हवं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१) मधला ‘आर’ हा खंड सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान करण्याबद्दल आहे, तर ‘एस’ हा जातीच्या नावाने शिवीगाळ करण्याबद्दल. ‘यू’ हा खंड अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध द्वेष, शत्रुत्व पसरवण्याबद्दल आहे आणि ‘व्ही’ आपल्याला पूजनीय असलेल्या दिवंगत व्यक्तीच्या अवमानाबद्दल. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आणि दंड. १९९० पासून अनुसूचित जातीतून आलेले बौद्धही अनुसूचित जातीच्या यादीत आहेत, त्यामुळे हे संरक्षण आपल्याला लागू आहे. मात्र त्यासाठी जातीचा दाखला लागतो. ‘मी फक्त बौद्ध लिहितो’ असं ठरवलेल्या तरुणांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा.

२००८ च्या स्वर्ण सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक मोलाची गोष्ट सांगितली. जातिवाचक शब्दाची व्युत्पत्ती काय, हे बघायचं नसतं. आज लोक तो शब्द कशासाठी वापरतात, हे बघायचं असतं. ‘आम्ही तर साधा शब्द वापरला’ या बचावाला हे उत्तर आहे. पण मर्यादाही आहेत. २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही. २०२४ च्या शाजन स्कारिया प्रकरणात म्हटलं की अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा प्रत्येक अपमान हा जातीवरून केलेला अपमान ठरत नाही. म्हणजे नुसत्या ‘स्कॉलरशिप’ या हाकेवर गुन्हा उभा राहणं अवघड आहे. त्यात जातीचं नाव नाही आणि चेष्टा करणाऱ्याला ते पुरतं ठाऊक आहे. जातीचा विनोद शहाणा झालाय. तो आता जातीचं नाव घेत नाही. कायदा जिथे संपतो, तिथे हा विनोद सुरू होतो. म्हणून केवळ कायद्यावर विसंबून चालणार नाही.

आरसा आपल्याकडेही वळवू

इथपर्यंतचं लिहिणं सोपं होतं. आता जरा अवघड.

मे २०१२ मध्ये अकरावीच्या पाठ्यपुस्तकातल्या शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रावरून वाद पेटला. संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले आणि मागे नेहरू हातात चाबूक घेऊन उभे. अभ्यासक म्हणाले, ही संविधान सभेच्या संथपणावरची टीका आहे. आपल्या लोकांना मात्र चाबूक दिसला. चाबूक खरोखर पाहिलेल्या समाजाला तो आधी दिसणारच. पुढे उन्नमती श्याम सुंदर यांनी बाबासाहेबांवरची त्या काळच्या वर्तमानपत्रांतली शंभराहून अधिक व्यंगचित्रं शोधून पुस्तकात मांडली. त्यात बाबासाहेबांना किती सातत्याने छोटं करून दाखवलंय, हे त्यांनी एकेक चित्र उलगडून सिद्ध केलं. हे उत्तर मला आपलं वाटतं. त्या वादात पुण्यात प्रा. सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली, ते उत्तर मात्र आपलं वाटत नाही. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या विडंबनगीतावरून मुंबईत स्टुडिओ फोडला गेला, तेव्हा आपण त्याचा निषेध केला. मग २०१२ बद्दल आपलं मत वेगळं कसं असेल?

दुसरं, आपल्या स्वतःच्या विनोदांचं. शिबिरानंतरच्या जेवणाच्या पंगतीत काय विनोद होतात, हे मला माहीत आहे. महिला कार्यकर्तीच्या लग्नावर, तिच्या रंगावर. तृतीयपंथीयांच्या टाळीवर. आपल्याच शेजारच्या वस्तीतल्या मातंग, चर्मकार, मेहतर बांधवांवर. ‘ते अजून देवीच्या मागे आहेत’ म्हणताना आपल्या ओठांवर जे हसू येतं, ते त्या नर्सिंगच्या वर्गातल्या हसण्याचं लांबचं नातलग आहे. वरची कसोटी इथेही लावू. त्या शेजाऱ्याला आपल्या पंगतीत बसून उत्तर देता येतं का?

रामदास आठवलेंचंही घ्या. त्यांच्या राजकारणाशी माझे मतभेद आहेत, ते इथे मांडत नाही. जून २०१९ मध्ये लोकसभेत त्यांनी नव्या अध्यक्षांचं स्वागत यमक जुळवून केलं आणि सगळं सभागृह हसलं, पंतप्रधानांपासून विरोधी पक्षांच्या नेत्यांपर्यंत. ते हसू दोन प्रकारचं असतं. एक, हजरजबाबी माणसाला मिळालेली दाद. दुसरं, पँथरच्या लढ्यातून आलेल्या नेत्याला मनोरंजनाच्या खुर्चीवर बसवून मोकळं होणं. ‘गो कोरोना गो’वर देश हसला तेव्हा आपणही हसलो. टीका करायची तर त्यांच्या भूमिकांवर करू. त्यांच्या इंग्रजीवर, रंगीत कपड्यांवर आणि यमकांवर हसणारे लोक उद्या आपल्याही उच्चारांवर हसणार आहेत.

तिसरं, आपली भाषा. ‘मनुवादी’, ‘प्रस्थापित’, ‘प्रिव्हिलेज’, ‘मायक्रोॲग्रेशन’, ‘प्रतिक्रांती’. हे शब्द कष्टाने मिळवलेले आहेत आणि त्यांची गरज आहे. पण प्रत्येक गोष्टीला एकच शिक्का मारत गेलो की शिक्क्याची शाई संपते. गटातल्या मुलींना मी पहिल्यांदा ‘सूक्ष्म आक्रमकता’ समजावायला गेले, तेव्हा मागून एक मावशी म्हणाल्या, ‘म्हंजे चिमटा काढत्यात आन् वरनं म्हणत्यात, लागलं का गं?’ सगळ्या हसल्या. दहा मिनिटांचं माझं व्याख्यान त्या एका वाक्यात आलं. त्या हसण्याची किंमत कुणी मोजली असेल तर ती मी आणि माझ्या पदवीने. आणि ती मोजायला मला काहीच वाटलं नाही.

आपल्या हसण्याची परंपरा

चळवळ म्हणजे सतत कपाळावर आठ्या, हा समज आपणच करून दिलाय. तो खरा नाही.

जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं. त्यात गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी आहे, आणि त्याची लबाडी प्रेक्षकांपुढे उघडी पाडायला विदूषक आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारलं, यात नवल नाही. सत्यशोधक जलशांनी आणि नंतर भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा बाज घेतला, त्यातली हजरजबाबी बतावणी घेतली आणि ती भटशाहीवर, अंधश्रद्धेवर, सावकारीवर उलटवली. दिवसभर राबून आलेली माणसं रात्री हसत हसत विचार घेऊन घरी गेली.

त्याच्याही मागे जाऊ. अस्सलायन सुत्तात ब्राह्मण हे ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले, हा दावा समोर येतो. तथागत शांतपणे विचारतात की ब्राह्मण स्त्रियांना ऋतू येतो, त्या गरोदर राहतात, बाळंत होतात, मुलांना पाजतात, हे तर सगळ्यांना दिसतं. मग मुखातून जन्म कसा? ही थट्टाच आहे. पण ती माणसावर नाही, दाव्यावर आहे. आणि अस्सलायन तिथे वाद घालायलाच आलेला आहे, त्याला उत्तर द्यायची पूर्ण मुभा आहे. दुसऱ्या एका सुत्तात एक ब्राह्मण येऊन बुद्धांना शिव्या देतो. बुद्ध त्याला विचारतात, तुझ्या घरी पाहुणे येतात का? त्यांनी तू वाढलेलं खाल्लं नाही तर ते अन्न कुणाचं? तो म्हणतो, माझंच. मग या शिव्याही मी घेतल्या नाहीत, त्या तुझ्याच. मला या गोष्टीत क्षमेइतकाच मिश्कीलपणा दिसतो.

सम्यक वाचेत खोटं बोलणं, चहाडी, कठोर वचन आणि वायफळ बडबड यांपासून दूर राहायला सांगितलंय. हसण्यापासून दूर राहायला सांगितलेलं नाही.

आजही ही परंपरा जिवंत आहे. ‘ब्लू मटेरियल’ या गटातले दलित विनोदकार स्टँड-अपच्या मंचावरून स्वतःच्या जातीबद्दल, आरक्षणाबद्दल, आडनावाबद्दल बोलतात. बीडची अंकुर तांगडे, बस्तरचा मंजीत सरकार ही नावं आपल्या तरुणांनी ऐकावीत. जिथे आजवर आपल्यावर हसलं जात होतं, तिथे माइक आपल्या हातात आला की हशाची दिशा फिरते. आता प्रेक्षकातल्या कुणाला तरी प्रश्न पडतो की, मी हसू की नको? दोन वर्षं आपल्या त्या मुलीला हाच प्रश्न पडत होता.

करायचं काय

वस्तीत आणि वसतिगृहात काम करताना जे उपयोगी पडलं, तेवढंच लिहिते.

पहिलं, सक्तीचं हसू बंद करायचं. भांडण करायची गरज नाही. फक्त हसायचं नाही आणि सरळ चेहऱ्याने विचारायचं, ‘मला कळला नाही हा विनोद, जरा समजावून सांग.’ जातीचा विनोद समजावून सांगता येत नाही. सांगायला गेलं की त्यातली जात बाहेर येते.

दुसरं, नोंद ठेवायची. तारीख, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं. ग्रुपवर असेल तर तारखेसह स्क्रीनशॉट. महाविद्यालयात २०१२ च्या यूजीसी नियमांनुसार समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. तोंडी सांगण्यापेक्षा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. प्रकरण गुन्ह्यात बसणारं असेल तर २०१८ च्या दुरुस्तीनुसार एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. बसणारं नसेल तर ओढूनताणून बसवू नये. एक कच्ची तक्रार पुढच्या दहा पक्क्या तक्रारींचं नुकसान करते.

तिसरं, एकटं सोडायचं नाही. ग्रुपवर असा मेसेज आला आणि ज्याच्यावर आला तो गप्प असेल, तर दुसऱ्याने बोलायचं. ‘हे बरोबर नाही, काढून टाका.’ एवढं पुरतं. ज्याच्यावर विनोद झाला त्यानेच दरवेळी स्पष्टीकरण द्यायचं, हासुद्धा अन्यायच आहे. आणि हे आपल्यावर लागू आहे तसंच, आपल्यासमोर मुसलमानांवर, पारध्यांवर, तृतीयपंथीयांवर विनोद होतो तेव्हाही लागू आहे.

चौथं, आपल्या विहारांतून आणि शिबिरांतून हसण्याला जागा द्यायची. जयंतीला भाषणांच्या रांगेत एक बतावणी बसवा. आपल्या आज्यांकडे सरपंचाला, मास्तरला, सावकाराला कसं गप्प केलं याचे किस्से आहेत, ते नोंदवून घ्या. ती आपली मौखिक संपत्ती आहे आणि ती वर्षागणिक कमी होतेय.

त्या नर्सिंगच्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगते. तिने तक्रार केली नाही. तिसऱ्या वर्षी एके दिवशी नेहमीप्रमाणे मागून हाक आली, ‘ए स्कॉलरशिप!’ ती वळली नाही. पुन्हा हाक आली. ती वळली नाही. तिसऱ्यांदा कुणीतरी तिच्या नावाने हाक मारली, तेव्हा वळून म्हणाली, ‘बोल.’ वर्गात कुणी हसलं नाही. तिने गटात येऊन हे सांगितलं तेव्हा मात्र आम्ही सगळ्या खूप हसलो. ती सगळ्यात मोठ्याने हसली, आणि या वेळी तिला कुणी हसायला लावलं नव्हतं.

जयभीम. नमो बुद्धाय.